अख्ख्या घराचा एअर प्युरिफायर घेताना आधी फिल्टरची जाडी बघा

अमेरिका-कॅनडातल्या डक्टच्या (खोल्याखोल्यांत हवा नेणाऱ्या बंद नळ्यांच्या) घरांत ‘होल हाउस प्युरिफायर’ म्हणजे बहुतेकदा खोल्यांतली हवा यंत्राकडे परत नेणाऱ्या डक्टमध्ये, ब्लोअरच्या म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या आधी बसवलेला जाड फिल्टर. मर्व्ह १३ घ्या; मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण धरतो याची श्रेणी. ०.३ ते १ मायक्रॉनचे किमान ५० टक्के आणि १ ते ३ मायक्रॉनचे ८५ टक्के कण तो धरतो. वणव्याच्या धुरासाठी हेच आकडे महत्त्वाचे.

घोळ होतो तो १ इंची खाचेत मर्व्ह १३ कोंबल्याने. फिल्टरच्या घड्यांचं क्षेत्रफळ कमी पडतं, हवा अडते, मग एसीच्या कॉइलवर बर्फ धरतो किंवा फर्नेस (घर गरम करणारं यंत्र) जास्त तापून बंद पडते. ४-५ इंची फिल्टरचा कप्पा बसवून घ्या आणि आधी-नंतर स्टॅटिक प्रेशर, म्हणजे हवा ढकलताना ब्लोअरवर येणारा दाब, मोजायला सांगा. यंत्राची मर्यादा त्याच्या प्लेटवर असते, बरेचदा ०.५ इंच वॉटर कॉलम (हे दाबाचं एकक). फिल्टरवरचा बाण ब्लोअरकडे हवा. कडेला फट राहिली तर हवा तिथूनच पळते आणि महागडा फिल्टर नुसता शोभेला.

ब्लोअर थांबला की सफाईही थांबते, म्हणून थर्मोस्टॅटवर पंखा ‘सर्क्युलेट’वर, म्हणजे अधूनमधून आपोआप फिरेल असा ठेवा. दमट उन्हाळ्यात मात्र सतत ‘ऑन’ नको, कॉइलवरचं पाणी परत घरात येतं.

ओझोन सोडणारी यंत्रं सरळ टाळा.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये स्प्लिट एसीला डक्टच नसतो. तिथे खोलीगणिक वेगळा प्युरिफायर: १५० चौरस फुटांना धुरासाठीचा सीएडीआर (यंत्र किती वेगाने स्वच्छ हवा देतं त्याचा आकडा) किमान १०० सीएफएम (मिनिटाला घनफूट), म्हणजे ताशी सुमारे १७० घनमीटर.