फोनला कव्हर, नंबर वाऱ्यावर : या चुका टाळा

गणपतीच्या खरेदीला गेलेल्या मामीचा फोन दादरच्या पुलावर गेला. पिशवीची चेन उघडी, गर्दी, आणि फलाटावर उतरल्यावर लक्षात आलं. फोन जुनाच होता, त्यामुळे कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. घरी येऊन चहा झाला, नवा कुठला घ्यायचा यावर चर्चा झाली, मामेभावाने सेलमधले चार फोन काढूनही दाखवले. सिम बंद करायचं राहिलं, ते दुसऱ्या दिवशी सिम कंपनीची गॅलरी उघडल्यावर करू असं ठरलं. रात्रीतून खात्यातून तीनदा पैसे गेले.

घरातला 'मोबाइलवाला' मी, त्यामुळे निस्तरायला मीच गेलो. तेव्हापासून नातेवाइकांचा फोन हातात आला की स्टोरेज का भरलंय हे नंतर बघतो, आधी नंबराची विचारपूस करतो. स्क्रीनला महागातली काच लावून घेणारी माणसं नंबराच्या बाबतीत अगदी निर्धास्त असतात. बँक, यूपीआय, आधार, डिजिलॉकर, गॅसची नोंदणी, ईमेलचा पासवर्ड विसरल्यावर येणारा कोड, सगळं त्या दहा आकड्यांना टांगलेलं आहे. ही व्यवस्था आपण मागितली नव्हती. बँकांना आणि कंपन्यांना ती सोयीची पडली, आणि आपण त्यात राहतोय.

फोनला कुलूप, सिम उघडं

"माझा फोन बोट लावल्याशिवाय उघडतच नाही," असं मामी म्हणायची. खरं आहे, पण चोराला तो उघडायचाच नव्हता. त्याने सिम काढलं, दुसऱ्या फोनमध्ये घातलं, आणि मामीचे सगळे ओटीपी त्याच्याकडे यायला लागले.

यावरचा उपाय म्हणजे सिम पिन. तो फोनमध्ये वर्षानुवर्षं आहे, पण विकताना कुणी सांगत नाही. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या सिक्युरिटी विभागात 'सिम लॉक' शोधा, आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या पानावर 'सिम पिन'. तो लावला की सिम कुठल्याही फोनमध्ये घातलं तरी आधी चार आकडे मागतं. इथे घाई करू नका. सुरू करताना सिम कंपनीने दिलेला मूळ पिन विचारला जातो, तो अंदाजाने टाकू नका, हेल्पलाइनला विचारून घ्या. तीनदा चुकलात तर सिम अडकतं आणि ते सोडवणारा पीयूके कोड मागतं. तो कोड कंपनी देते, पण तोही दहा वेळा चुकवलात तर सिम कायमचं बाद. फोन बंद करून सुरू केला की दर वेळी पिन टाकावा लागतो, यावर घरात कुरकुर होते. होऊ द्या.

ई-सिम म्हणजे कार्ड नसलेलं, फोनमध्येच असलेलं सिम. ते काढून नेता येत नाही, हा त्याचा फायदा. म्हणून तिथे चोर फोन करून येतो: "तुमचं सिम ई-सिममध्ये बदलतोय, आलेला मेसेज मंजूर करा." तुम्ही स्वतः अर्ज केलेला नसेल तर असा एकही मेसेज मंजूर करू नका, पुढेही पाठवू नका. आणि फोनमधलं सिगनल अचानक गेलं, शेजारच्याचं मात्र आहे, असं झालं तर रिस्टार्ट करत बसू नका. दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला विचारा.

लॉक असलेल्या स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसत असेल तर तोही लपवा. नाहीतर सिम काढायचीही गरज नाही, ओटीपी दारावरच्या पाटीसारखा समोर दिसतो.

कव्हरच्या खिशातलं डेबिट कार्ड

यूपीआय पिन तर फक्त मामीच्या डोक्यात होता, मग पैसे गेले कसे, हे कोडं मला दोन दिवस सुटलं नाही. उत्तर फ्लिप कव्हरमध्ये होतं. तिथे डेबिट कार्ड होतं, लोकलच्या पासाशेजारी. यूपीआयचा पिन नव्याने ठरवायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्याची मुदत आणि त्या नंबरवर आलेला ओटीपी लागतो. काही बँका एटीएम पिनही मागतात, पण सगळ्या नाही. म्हणजे चोराला आम्ही कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटात दिली होती.

गेले ४,९०० रुपये. नव्याने जोडलेल्या यूपीआयला बऱ्याच बँका पहिले २४ तास ५,००० रुपयांची मर्यादा लावतात, म्हणून तेवढ्यावर निभावलं. कार्ड, पॅन, आधार यांचे गॅलरीत पडलेले फोटो हाही याच जातीचा प्रकार. 'झेरॉक्स काढायला' म्हणून काढलेला फोटो तीन वर्षं तिथेच असतो.

चोरीनंतर क्रम चुकणे

लोक आधी स्वतःच्याच नंबरवर फोन लावत बसतात, मग पोलिस ठाण्यात जातात, मग दुकानात. सिम शेवटी आठवतं. हा क्रम उलटा करा. मिळेल त्या फोनवरून आधी कंपनीला सांगून सिम बंद करा, मग बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. पैसा पुढच्या खात्यांमध्ये पांगायच्या आत तो गोठवता यावा म्हणूनच ती हेल्पलाइन आहे, उद्या सकाळी म्हणाल तर उपयोग थोडा. पोलिसांच्या तक्रारीची प्रत मिळाली की सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, अडवता येतो. हा क्रमांक खोक्यावर असतो किंवा *#०६# दाबून दिसतो. फोन हातात आहे तोवर बघा आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, शेजारी कंपनीचा आणि बँकेचा हेल्पलाइन नंबर. हे सगळे नंबर फोनमध्येच सेव्ह असतात आणि फोनबरोबरच जातात.

बँकेत "आता काही होत नाही" असं ऐकून परत फिरू नका. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये आणलेल्या नियमांनुसार चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड तुमच्यावर नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर जबाबदारी मर्यादित. पिन-ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लेखी हवा. आमच्या काउंटरवर "कार्ड कव्हरमध्ये ठेवणं हा निष्काळजीपणा" असं ऐकवलं गेलं. तो होताच. पण कार्डावर छापलेल्या आकड्यांवरून पिन बदलू देणं याला काय म्हणायचं, हे मी विचारलं तेव्हा साहेब जेवायला गेले.

रिचार्ज संपलेला जुना नंबर

हा सगळ्यात शांतपणे घात करणारा प्रकार. बाबांचा जुना नंबर, बँकेला जोडलेला, पण वापर नाही म्हणून रिचार्ज नाही. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस थांबवून कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. त्या दुसऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण तुमचे बँकेचे मेसेज त्याच्याकडे जातात. मी स्वतः घेतलेल्या नव्या नंबरवर वर्षभर कुणा अनोळखी गृहस्थांच्या विम्याच्या हप्त्याची आठवण येत होती. त्यांचं वय, पॉलिसी, हप्ता, मला सगळं पाठ झालं.

नंबर सोडायचा असेल तर आधी बँक, आधार, ईमेल आणि व्हॉट्सॲप यांतून तो बदला, मगच सोडा. ठेवायचा असेल तर इंटरनेटशिवायचा, फक्त कॉल-एसएमएसचा पॅक घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना असे पॅक देणं बंधनकारक केलं आणि मुदतीची मर्यादा ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. कंपनीच्या ॲपमध्ये तो पहिल्या पानावर सापडणार नाही, खाली खाली जावं लागतं. का, ते तुम्हाला कळतंच.

परदेशात राहणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. भारतातलं सिम पुण्याच्या घरी आईच्या ड्रॉवरमध्ये, आणि ओटीपी आला की आई व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवते. अमेरिका, ब्रिटन, यूएई, सिंगापूर धरून दहा देशांच्या नंबरांवर एनआरई-एनआरओ (परदेशस्थ भारतीयांच्या) खात्याचं यूपीआय चालवायला २०२३ मध्ये परवानगी मिळाली आहे. तुमची बँक ते देते का हे एकदा विचारा.

सिम दुसऱ्याच्या नावावर

गावाकडे निम्मी सिमं दिराच्या, भाच्याच्या नाहीतर दुकानदाराच्या नावावर असतात. हरवल्यावर तेच सिम परत काढायला तो माणूस हजर लागतो. उलटही बघा: तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते संचार साथीवर दिसतं, अनोळखी असेल तर तिथेच कळवता येतं.

बिलाच्या काउंटरवर नंबर

"सर, मोबाइल नंबर?" मोज्यांच्या एका जोडासाठी. देणं सक्तीचं नाही. ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानांना तसं बजावलं होतं. मी "नाही देणार" म्हणतो. मागे रांग खोळंबते, मुलगी कसंनुसं हसते, पण बिल निघतं. नकोशा जाहिरातींपुरता हा प्रश्न असता तर एवढं बोललो नसतो. तुमचं नाव, नंबर आणि काल काय घेतलं हे सांगणारा फोन आला की तो खरा वाटतो, अडचण तिथे आहे.

आणि इथे बँकांनाही थोडं सुनवायला हवं. 'अनोळखी लिंक उघडू नका' असा मेसेज पाठवायचा आणि पुढच्याच मेसेजमध्ये आखूड केलेली लिंक द्यायची! आता बँकांच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक राखलेत आणि संकेतस्थळांच्या शेवटी 'डॉट बँक डॉट इन' आलंय. आखूड लिंकमागे काय आहे ते दिसत नाही, त्यामुळे मी ती उघडतच नाही, पत्ता स्वतः टाइप करतो.

कुरिअरवाल्याने दाबायला लावलेला कोड

"पार्सल अडकलंय, हा कोड दाबा," आणि कोड *४०१* ने सुरू होतो. पुढे त्याचाच नंबर असतो. दाबलात की तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि आवाजी कॉलवर येणारा ओटीपी तो ऐकतो. एप्रिल २०२४ पासून दूरसंचार विभागाने कोडने कॉल वळवण्याची सोय थांबवायला सांगितली होती, तरी *#२१# दाबून वळवणी चालू आहे का ते बघा. ##००२# ने ती सगळी रद्द होते.

व्हॉट्सॲपचं खातंही असंच कॉलवरच्या कोडने पळवतात. त्यावर सहा आकडी टू-स्टेप पिन लावा, आणि लावताना ईमेल द्यायला विसरू नका. ईमेल नसेल आणि पिन विसरलात तर सात दिवस थांबावं लागतं. मामी सध्या चौथ्या दिवशी आहे.