‘संपूर्ण मानसिक स्वास्थ्या’चे आश्वासन कसे पारखावे

पर्यायी उपचारपद्धतींच्या माहितीपत्रकांत ‘संपूर्ण मानसिक स्वास्थ्य’ हे शब्द हमखास आढळतात. १९४८ साली अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतही आरोग्य म्हणजे शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्याची परिपूर्ण अवस्था, असेच म्हटले आहे. ध्येय म्हणून ते योग्यच आहे. मात्र ते कधीच पूर्णपणे गाठता येत नसल्यामुळे उपचार कुठे थांबवायचा, हे त्यावरून ठरत नाही. सुश्रुताने स्वस्थ माणसाचे मन ‘प्रसन्न’ असते असे म्हटले, दुःख त्याला शिवतच नाही असे नव्हे. हा भेद मला मोलाचा वाटतो.

म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वी आपली तक्रार मोजता येईल अशा शब्दांत लिहून काढावी. ‘मन शांत व्हावे’ या इच्छेचा पडताळा घेता येत नाही. परंतु झोप किती वाजता लागते, रात्री किती वेळा जाग येते, भीतीपोटी कोणती कामे टाळली जातात, हे दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी नोंदवता येते. त्यानंतर उपचारकाला मुदत विचारावी. सजगतेवर आधारित तणावमुक्तीचा सुपरिचित अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा असतो, तेव्हा मुदत विचारण्यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. मुदत संपल्यावर नोंदी जैसे थे असतील, तर उपचार थांबवावा.

त्रास वाढल्यावर ‘आतले बाहेर पडते आहे, हे गुण येण्याचेच लक्षण’ असे सांगितले गेले, तर विशेष सावध राहावे, कारण या युक्तिवादात बरे वाटणे आणि बिघडणे हे दोन्ही उपचाराच्या यशाचेच पुरावे ठरतात. ध्यानानेही काहींची अस्वस्थता वाढते. अशा वेळी ते थांबवणे हा साधकाचा कमकुवतपणा नव्हे.

नैराश्यावरील चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. अचानक सोडल्यास चक्कर, निद्रानाश आणि बेचैनी जाणवू शकते. ‘नैसर्गिक’ औषधेही डॉक्टरांना सांगावीत. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते आणि काही नैराश्यरोधक औषधांसोबत घेतल्यास धोकादायक ठरते. आत्महत्येचे विचार येत असतील, तर मात्र कोणत्याही मुदतीची वाट न पाहता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा रुग्णालयात जावे.