अंगणातलं हे विचित्र काय आहे? खरवडण्याआधी असं ओळखा

खिडकीच्या चौकटीला चिकटलेलं बोराएवढं मातीचं मडकं मी एकदा उलथन्याने खरवडून काढलं. आतून सात-आठ हिरव्या अळ्या फरशीवर पडल्या. मेलेल्या नव्हत्या, काडीने टोचलं की जेमतेम वळवळायच्या. कुंभारमाशीने डंख मारून त्यांना लुळं केलं होतं आणि पिल्लाची शिदोरी म्हणून आत कोंडलं होतं. ध्यास घेऊन अळीची भृंगी होते, हा आपला जुना दृष्टान्त असल्याच मडक्यावरून सुचला असणार. आत जाते अळी, बाहेर येते माशी!

तेव्हापासून उलथनं नंतर, आधी निरखणं.

१. नाव शोधू नका, आधी ते कशाचं बनलंय ते बघा.

माती असेल तर भोक शोधा. गोल भोक पडलेलं असेल तर बहुधा पिल्लू उडून गेलंय, खुशाल काढा. मडक्याऐवजी शेजारीशेजारी लिंपलेल्या नळ्या असतील तर आत बहुतेक कोळी भरलेले सापडतील; ती दुसऱ्या जातीची माशी. पण जमिनीतून निघून भिंतीवर चढत जाणारी मातीची रेघ दिसली तर ती वाळवी. बोटभर तुकडा मोडून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी बघा. रेघ पुन्हा लिंपलेली दिसली तर वाळवी आत आहे, मग दाराची चौकटही ठोकून पाहा.

राखाडी, कागदासारखं, देठाने लटकणारं आणि षट्कोनी घरांचं असेल तर गांधीलमाश्या. इथे प्रयोग नकोत.

फेस असेल तर तो ओला की वाळलेला, हे महत्त्वाचं. कोवळ्या काडीवर थुंकीसारखा ओला फेस दिसला तर काडीने बाजूला सारा. आत रस शोषणारा इवलासा किडा बसलेला असतो. फांदीवर वाळून कडक झालेला तपकिरी फेस म्हणजे बहुधा प्रार्थनाकीटकाची अंडी. ती राहू द्या, पिल्लं बागेतले किडेच खातील. पावसाळ्यात पालापाचोळ्यावर रातोरात ओकारीसारखा पिवळाधमक थर आला तर घाबरू नका. तो स्लाइम मोल्ड, बुरशीसारखा दिसणारा पण बुरशी नसलेला जीव. एक-दोन दिवसांत वाळून त्याची तपकिरी भुकटी होते.

२. पानालाच गाठी आल्या असतील तर एक गाठ ब्लेडने उभी चिरा.

सप्तपर्णीच्या पानांवरचे टपोरे गोळे फळं वाटतात. आत मात्र रस शोषणाऱ्या बारीक किड्याची पिल्लं असतात. करंजाच्या पानांवरच्या फोडांमागे कोळ्यांच्या कुळातले, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यामुळे चिरूनही हाती काही लागत नाही. गाठ झाडाच्याच पेशींची असते, किडा फक्त ती घडवून घेतो. मोठ्या झाडाला याने सहसा काही होत नाही, औषध फवारायची घाई नको.

३. फोटो काढताना शेजारी रुपयाचं नाणं ठेवा.

झाडाचं नाव आणि तारीखही टिपा. यजमान झाड, म्हणजे किडा ज्याच्यावर जगतो ते, कळलं की निम्मं काम झालं.

४. तरी ओळख पटेना? बरणीत ठेवा.

गाठ आलेली दोन-चार पानं बरणीत घाला, तोंडाला मलमलचं फडकं बांधा, बरणी सावलीत ठेवा आणि रोज डोकवा. जे बाहेर येईल तोच गाठीचा मालक, असं मात्र समजू नका. पुष्कळदा मालकाला आतल्या आत खाऊन मोठी झालेली चिमुकली गांधीलच काचेवर फिरताना दिसते.