मधुमेह असलेल्या अशक्त ज्येष्ठांसाठी व्यायाम आणि माहितीचा वर्ग कसा चालवावा

आजोबांना साखर आहे, वजन उतरत चाललंय, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. घरात त्यांची साखर नेमाने तपासली जाते, पण पायांत किती ताकद उरली आहे ते कुणी बघत नाही. मधुमेहात स्नायू लवकर झिजतात, वय त्यात भर घालतं आणि साखरेच्या धास्तीने कमी केलेलं जेवण उरलंसुरलं काम करतं. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो आणि माणूस अंथरुणाला खिळतो.

हे टाळता येण्यासारखं आहे. युरोपातल्या ७ देशांत ‘मिड-फ्रेल’ नावाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सत्तरी ओलांडलेले, मधुमेह असलेले, अशक्त किंवा अशक्तपणाच्या उंबरठ्यावरचे ९६४ जण त्यात होते. त्यांच्यातल्या एका गटाला १६ आठवडे, आठवड्यातून दोनदा पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला, आहार आणि मधुमेहाबद्दल ७ बैठका घेतल्या आणि साखर व रक्तदाबाची उद्दिष्टं थोडी सैल केली. वर्षभराने उठणं, चालणं आणि तोल यांच्या १२ गुणांच्या चाचणीत हा गट नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ०.८५ गुणांनी पुढे होता. या चाचणीत अर्ध्या गुणाचा फरकही मोलाचा मानतात.

त्यासाठी मोठं जिम लागत नाही. सोसायटीचा हॉल, विरंगुळा केंद्र किंवा ज्येष्ठ नागरिक संघाची खोली पुरते. एका वेळी सहा-सात जणच घ्या आणि सुरुवातीचे काही वर्ग तरी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली होऊ द्या. घरी एकट्या आईसाठी करायचं असेल तरी पायऱ्या ह्याच.

१. आधी डॉक्टरांशी बोला

प्रत्येकाने औषधांची पूर्ण यादी घेऊन जावं. छातीत दुखतं का, उभं राहिल्यावर चक्कर येते का, पायाला जखम आहे का, हे न विचारताही सांगावं. डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. पडद्यावर रक्तस्राव होत असेल तर जोर लावायचा व्यायाम नेत्रतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय करू नये.

आणखी एक प्रश्न मुद्दाम विचारा, “यांच्यासाठी साखर किती असलेली चालेल?” अशक्त ज्येष्ठांसाठी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी, ८ टक्क्यांच्या आसपास असणं बहुतेक वेळा पुरेसं मानतात, मिड-फ्रेलमध्ये ७ ते ८ ठेवलं होतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड, ग्लिबेनक्लामाईड यांपैकी गोळी चालू आहे आणि एचबीए१सी ६ च्या घरात आहे, असं असेल तर शाबासकी देण्याऐवजी डोस कमी करता येईल का ते डॉक्टरांना विचारा. या वयात साखर थोडी जास्त असण्यापेक्षा एकदम खाली जाणं जास्त घातक. डोस मात्र स्वतःच्या मनाने बदलायचा नाही.

२. ताकद मोजून लिहून ठेवा

जमिनीवर १३ फूट, म्हणजे साधारण ४ मीटर, मोजून दोन खुणा करा. नेहमीच्या चालीने हे अंतर कापायला ५ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर चाल मंदावली आहे. मग हात छातीवर दुमडून खुर्चीतून लागोपाठ ५ वेळा उठायला सांगा. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, किंवा हात न टेकता उठताच आलं नाही, तर पायांची ताकद कमी आहे. तिसरं, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून १० सेकंद उभं राहता येतं का ते बघा. मोजताना शेजारी माणूस उभा हवाच. तारीख घालून आकडे वहीत लिहा, पुढे लागतील.

३. जागा आणि कपडे

प्लॅस्टिकची हलकी खुर्ची नको, ती सरकते. लाकडी किंवा लोखंडी, चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. सतरंजी गुंडाळून बाजूला करा. अनवाणी व्यायाम करू नये, कारण तळव्यांची संवेदना कमी झालेली असेल तर खडा टोचलेला कळतही नाही. मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट चालतील, सपाता नकोत. साडी असेल तर नीऱ्या घोट्याच्या वर खोचाव्यात. उठताना काठ पायाखाली येऊन पडण्याची भीती खरी असते.

४. व्यायामाआधी साखर बघा

इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर ग्लुकोमीटरवर तपासा. १०० च्या खाली असेल तर अर्धं केळं किंवा दोन बिस्किटं खायला द्या, थोडं थांबा, पुन्हा तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या, १५ मिनिटांनी परत बघा आणि त्या दिवशी व्यायाम नको. ३०० च्या वर असेल किंवा आकडा काहीही असला तरी बरं वाटत नसेल, तर डॉक्टरांना फोन करा. पायांचा व्यायाम असलेल्या दिवशी इन्सुलिन मांडीत न घेता पोटावर घ्यावं. व्यायाम होत असताना मांडीतून ते भराभर शोषलं जातं.

५. व्यायाम

पाच मिनिटं जागच्या जागी पावलं उचलून अंग मोकळं करा. मग मुख्य व्यायाम, खुर्चीतली उठबस. आधी काठाजवळ सरकायचं, पाय गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायचे, छाती पुढे झुकवायची आणि उठायचं. बसताना धपकन टेकायचं नाही, तीन आकडे मोजत सावकाश खाली यायचं. स्नायूला या खाली येण्यातही चांगलं काम मिळतं. उठताच येत नसेल तर बसायच्या जागी एक-दोन घट्ट उशा ठेवून उंची वाढवा. ८ वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, मग पुन्हा ८ वेळा. आकडे मोठ्याने मोजायला लावा, म्हणजे श्वास रोखला जात नाही आणि रक्तदाब एकदम चढत नाही.

दुसरा व्यायाम बसल्या बसल्या गुडघा सरळ करण्याचा. घोट्याला अर्ध्या किलोची वेट कफ, म्हणजे वजन भरलेला पट्टा, बांधायची, तीही मोज्यावरून, आणि सोडल्यावर कातडी लाल झाली आहे का ते बघायचं. तिसरा, ओट्याला किंवा खुर्चीच्या पाठीला धरून टाचा वर उचलायच्या. तळव्याला जखम असेल तर हा वगळा. शेवटी आधार धरून एका पायापुढे दुसरा ठेवून उभं राहण्याचा सराव.

शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत, पण बोलता आलं पाहिजे. १२ वेळा सहज व्हायला लागलं की वाढवायचं. एक उशी काढा, मग हात न टेकता उठा, मग वजन अर्ध्या किलोने वाढवा. इथेच बहुतेक वर्ग ढिले पडतात. तोच हलका व्यायाम महिनोन्‌महिने चालतो आणि ताकद आहे तिथेच राहते. संध्याकाळचा फेरफटका चांगलाच, तो सोडू नका. पण नुसत्या फेरफटक्याने मांड्यांना बळ येत नाही. दोन वर्गांमध्ये एक दिवस तरी मोकळा ठेवा. छातीत दुखलं, दम फार लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबा.

६. वर्गानंतर अर्धा तास बोला

एका दिवशी एकच विषय. सून, मुलगा किंवा सांभाळायला येणाऱ्या मावशी, ज्यांच्या हातात गोळ्या आणि ताट असतं, त्यांनाही बोलवा. पहिला विषय साखर खाली जाण्याचा. म्हातारपणी घाम आणि थरथर दिसेलच असं नाही. माणूस असंबद्ध बोलतो, गळून जातो, नाहीतर सरळ पडतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्यायचं. पुढच्या बैठकांत रोज पाय कसे तपासायचे, उलट्या-जुलाब झाले तर औषधांचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच कसं विचारून ठेवायचं, इन्सुलिन कसं ठेवायचं, असे विषय घ्या. शेवटी “कळलं ना?” असं विचारू नका. “आता तुम्ही मला सांगा, काका,” म्हणा.

जेवणाच्या विषयाला दोन बैठका द्या. वजन उतरलेल्या माणसाला ‘साखर आहे, कमी खा’ असं सांगणं मला धोक्याचं वाटतं. या वयात वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. दात नसतील तर मुगाचं धिरडं, मऊ शिजवलेली उसळ, पिठलं, दही, पनीर, मासे. दुपारी नुसता आमटी-भात आणि रात्री दूध-पोळी एवढ्यावर हा हिशेब बसत नाही.

उपासाचं आधीच बोलून ठेवा. एकादशीला गोळी नेहमीची आणि पोट रिकामं, हे फार धोक्याचं. साबुदाण्याने साखर भरकन चढते आणि प्रथिनं जवळजवळ मिळतच नाहीत. शक्यतो उपास सोडावा. मन मानत नसेल तर दही, दूध, शेंगदाणे घ्यावेत आणि त्या दिवशीचा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

७. पुन्हा मोजा

१६ आठवड्यांनी वही काढून तेच तीन आकडे घ्या आणि ज्याचे त्याला दाखवा. आकडे हलले नसतील तर व्यायामाचं वजन वाढवलं का, वर्ग किती बुडले, जेवण पुरेसं आहे का, या क्रमाने तपासा. शरीराचं वजन उतरतच असेल तर डॉक्टरांना सांगा. मेटफॉर्मिनसारख्या औषधानेही काहींची भूक मरते. मधे आजारपण झालं किंवा कुणी दवाखान्यात राहून आलं, तर जिथे सोडलं तिथून सुरू करू नका. डॉक्टरांना विचारून, पुन्हा खुर्चीवर उशी ठेवून, वजन न बांधता ८ वेळांपासून सुरुवात करा.