लांबलचक वैद्यकीय शब्द शेवटाकडून बोला

कान-नाक-घसा विभागाच्या पाटीवर ‘ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी’ दिसलं की जीभ अडखळतेच. असा शब्द एका दमात रेटू नका. आधी त्यातले ग्रीक तुकडे ओळखा: ओटो म्हणजे कान, रायनो नाक, लॅरिंग स्वरयंत्र, लॉजी शास्त्र. मग शेवटाकडून मागे या: लॉजी, गॉलॉजी, लॅरिंगॉलॉजी, रायनोलॅरिंगॉलॉजी. ‘ओटो’ सगळ्यात शेवटी जोडा. मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात नको.

खरी मेख ‘गॉ’मध्ये आहे. अर्थाचा तुकडा ‘लॅरिंग’पाशी संपतो, पण इंग्रजीत बोलताना ‘ग’ पुढच्या ‘ऑ’ला चिकटतो आणि जोरही तिथेच पडतो. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्याच जोराने बोलतो, त्यामुळे ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. लॉजी, स्कोपी, टमी अशा शेवटांच्या शब्दांत जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर येतो: गॅस्ट्रॉस्कोपीत (जठराची दुर्बिणीतून तपासणी) ‘ट्रॉस’वर, हिस्टरेक्टमीत (गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया) ‘रेक’वर.

स्पेलिंगमधला ‘पी’ही फसवतो. न्यूमोनिया, सायकियाट्री यांत तो सुरुवातीला, ‘एन’ किंवा ‘एस’च्या आधी असतो, म्हणून मुका. ॲप्नियात (श्वास मध्येच थांबणं) मात्र तो मध्ये येतो आणि स्पष्ट बोलला जातो.