ल्युसिड ड्रीम येत नाहीये? मग या चुका टाळा

पहाटेची स्वप्नं खरी होतात असं माझी आजी म्हणायची. ती खरी होतात का ते माहीत नाही, पण स्वप्न चालू असताना "अरे, हे तर स्वप्न आहे" असं कळायचं असेल ना, म्हणजेच ल्युसिड ड्रीम हवं असेल, तर ते बहुतेक वेळा पहाटेच कळतं. मी पहिले पाच महिने नेमकी हीच गोष्ट धरली नव्हती. रात्री एकला झोपायचो, झोपताना सगळी टेक्निक मन लावून करायचो, साडेसहाला अलार्म, आणि रोज हाती काहीच नाही.

कारण साधं आहे. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं, रात्रीत अशी चार-पाच चक्रं होतात. ठळक स्वप्नं ज्या टप्प्यात पडतात तो रेम, म्हणजे पापण्यांच्या आत डोळे भराभर फिरतात तो टप्पा, पहिल्या चक्रात जेमतेम काही मिनिटं असतो आणि पुढे लांबत जातो, पहाटे तो अर्धा तास किंवा त्याहून जास्तही चालतो. म्हणजे साडेपाच तासांत उठणारा माणूस ऐन पिकाच्या वेळी शेत सोडून येतो. आधी झोप पूर्ण करा, सात-आठ तास, बाकी सगळं नंतर. दारू पिऊन झोपलात तर रात्रीच्या पहिल्या भागातलं रेम दबतं आणि झोपही मोडते, त्यामुळे त्या रात्री प्रयत्नच करू नका.

आता पहाटे उठून परत झोपायची पद्धत. पाचेक तासांनी उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं, परत झोपायचं, एवढंच. पण लोक उठल्या उठल्या मोबाईल बघतात आणि रील्समध्ये झोप घालवून बसतात, नाहीतर अलार्म बंद करून तसेच कुशीवर वळतात, दोन्हीने काम होत नाही. मंद दिवा लावा, पाणी प्या, आदल्या दिवसांची स्वप्नं वहीत वाचा, माझ्यासाठी वीस मिनिटं पुरतात. ॲडलेड विद्यापीठाचा २०१७ मधला अभ्यास आहे, त्यात पहाटे उठणं, रिॲलिटी चेक (दिवसा मधूनमधून आपण जागे आहोत की स्वप्नात हे तपासणं) आणि माईल्ड (परत झोपताना स्वप्न ओळखायचं मनात पक्कं करणं) ही तिन्ही एकत्र करणाऱ्यांना आठवडाभरात १७ टक्के यश आलं, पण माईल्ड संपल्यावर पाच मिनिटांत ज्यांना झोप लागली त्यांच्यात तेच प्रमाण जवळपास ४६ टक्के होतं! म्हणून इतकंही जागं होऊ नका की परत झोपच येणार नाही.

माईल्ड ही स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांची पद्धत, आणि सगळ्यात जास्त चुकीची केली जाते ती हीच. लोक "मला स्वप्नात कळेल, मला स्वप्नात कळेल" असं जप केल्यासारखं शंभर वेळा म्हणतात आणि मन भलतीकडेच असतं. हे काम खरं तर घरी येताना कोथिंबीर आणायची आठवण ठेवण्यासारखं आहे, मंडईच्या कोपऱ्यावर आलो की आठवलं पाहिजे असं आपण मनात पक्कं करतो ना, तसं. आत्ताच पडलेलं स्वप्न डोळ्यांसमोर आणायचं, त्यातली विचित्र जागा पकडायची, आणि तिथे आपल्याला कळलं असं पूर्ण बघायचं. माझ्या स्वप्नात कायम एसटी स्टँड येतो, सामान खाली राहतं आणि गाडी निघून जाते. मी तोच स्टँड घेऊन झोपायला लागलो आणि तिसऱ्या आठवड्यात तिथेच पहिल्यांदा कळलं. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, ते इथे अगदी शब्दशः लागू पडतं.

ही विचित्र जागा सापडायला वही लागते. जाग आली की हलू नका, डोळे मिटूनच आठवा, मग लिहा, एक शब्द आठवला तरी तो लिहा.

रिॲलिटी चेकचं पण तसंच. दिवसातून वीस वेळा नाक दाबून श्वास येतोय का बघतात, पण मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं, "जागाच आहे". मग स्वप्नातही तसंच करून पुढे निघून जातात. पाचच वेळा करा पण खरंच शंका घ्या, इथे कसा आलो, दहा मिनिटांपूर्वी कुठे होतो? मला पाटी दोनदा वाचणं जमतं, स्वप्नात सातारा लिहिलेली पाटी दुसऱ्यांदा बघितली की भलतंच काहीतरी लिहिलेलं असतं. आणि सकाळी उठल्यावरही एकदा चेक कराच, कारण स्वप्नातच उठून दात घासतोय असं बऱ्याच वेळा होतं.

कधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं. घाबरू नका, रेममध्ये शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडलेले असतात, डोळे मात्र हलतात. १९७५ मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात संशोधक कीथ हर्न यांनी याच डोळ्यांचा उपयोग केला, त्यांच्या प्रयोगात झोपलेल्या ॲलन वर्स्ली यांनी स्वप्नातून डावीकडे-उजवीकडे ठरलेले इशारे दिले आणि ते यंत्रावर उमटले. तर शांत श्वास घ्या, पायाचं बोट हलवायचा प्रयत्न करा, थोड्या वेळात सुटतं. सारखं होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ज्यांना भास होण्याचा आजार आहे किंवा होता त्यांनी मानसोपचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. आणि गॅलँटामीनच्या गोळ्या ऑनलाईन मागवून घेऊ नका प्लीज, ते अल्झायमरचं औषध आहे.

शेवटची चूक, कळल्या कळल्या उडायला जाणं. आनंदाने धडधड वाढते आणि स्वप्न फुटतं. आधी तळहात एकमेकांवर चोळा, जमिनीला, भिंतीला हात लावा, जवळच्या वस्तू बघा, उडणं नंतर. तरीही जाग आलीच तर डोळे उघडू नका, कुशी बदलू नका, तसेच पडून राहा आणि त्याच जागेचा विचार करा. मी असा दोनदा त्याच एसटी स्टँडवर परत पोचलोय, आणि दुसऱ्या वेळी गाडी उभी होती.