हळद, साबण आणि ओलं फडकं

कुणाकडे अजून जुनी पद्मिनी नाहीतर ॲम्बॅसेडर गाडी असेल तर हे लिहून ठेवा बघा, आताचे मेकॅनिक सांगणार नाहीत. रेडिएटरला, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या जाळीला, बारीक छिद्र पडून पाणी गळायला लागलं की आधी गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं, गरम असताना झाकण काढलं तर वाफ थेट तोंडावर येते. मग दोन चमचे हळद कोमट पाण्यात कालवून आत ओतायची, वरून पाणी भरायचं, झाकण लावून गाडी चालू ठेवायची, हळद फुगून त्या छिद्रात जाऊन बसते आणि थेंब हळूहळू थांबतात. आई डिकीत हळदीची पुडी कायम ठेवायची. घरी पोचल्यावर मात्र रेडिएटर धुऊन छिद्राला डाग मारून (झाळून) घ्यायचाच, नाहीतर बारीक नळ्या तुंबतात.

पेट्रोलची टाकी पाझरली तर कपड्याचा साबण बोटानं मळून फटीत दाबायचा, पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही म्हणून टिकतो. तेवढ्यात कुणी बिडी पेटवू नये.

सावंतवाडीकडनं येताना आंबोली घाट चढला की आमची पद्मिनी हमखास बंद पडायची, इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपात गरमीनं पेट्रोलची वाफ धरायची. बाबा खांद्यावरचा पंचा भिजवून पंपावर गुंडाळायचे, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पंच्याला पेट्रोलचा वास लागायचा तो धुतला तरी जायचा नाही.

आणि पावसात वायपर बंद पडला तर निपाणीची तंबाखू ओली करून काचेवर चोळायची, थेंब न साठता पाणी सपाट पसरतं, रस्ता दिसतो.

नव्या गाडीत हळद घालू नका हं, इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, म्हणजे कूलंटची, वाट लागते.